बिनफ्रेमची हलकी सॅक: नवख्याने घ्यावी, पण चौथ्या नंबरवर

सॅक हातात आली की मी सगळ्यात आधी तिची आतली बाजू बाहेर काढते. बाहेरून सगळ्याच सॅक देखण्या दिसतात. शिवणीत माया, म्हणजे टाक्याबाहेरचं जास्तीचं कापड, किती ठेवली आहे, कडा मोकळ्या सोडल्यात की पट्टी लावून बंद केल्यात, खांद्याचा पट्टा अंगात किती खोल घेतलाय, हे सगळं आतूनच कळतं. बॅगा शिवणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे नजर तिकडेच जाते. पाठीवर बिऱ्हाड घेऊन दिवसचे दिवस चालणं मात्र मी उशिरा सुरू केलं, आणि हलक्या सामानाच्या बाबतीत मी अजून नवखीच आहे. म्हणून या सॅकबद्दल शिवणारी म्हणूनही लिहितेय आणि शिकणारी म्हणूनही.

सॅक चाळीस लिटरची आहे. तोंड वरून गुंडाळून बंद करायचं. आत ॲल्युमिनियमची पट्टी नाही, प्लॅस्टिकचा पत्रा नाही, पाठीला जाळीचा ताणलेला पडदा नाही, म्हणजे फ्रेमच नाही. पुढे एक मोठा ताणता येणारा जाळीचा खिसा, बाजूला दोन खिसे, एक बारीक कंबरपट्टा. माझ्या काट्यावर ५४० ग्रॅम भरली. एका छोट्या उत्पादकाची आहे, पण याच घडणीच्या सॅक आता बरेच जण बनवतात, त्यामुळे नावापेक्षा घडणीबद्दलच बोलते.

निकाल आधीच सांगते. सॅक उत्तम आहे, आणि मी ती मनापासून वापरते. पण हलक्या सामानाने चालायला सुरुवात करणाऱ्याने ही पहिली खरेदी म्हणून घेऊ नये. झोपायचं, पांघरायचं आणि डोक्यावर धरायचं सामान हलकं झालं की मग घ्यावी, म्हणजे चौथ्या नंबरवर. दुकानात सगळे आधी सॅकच बघायला जातात, कारण ती दिसते, पाठीवर चढवून आरशात बघता येते. पण ही सॅक तुमचं ओझं हलकं करत नाही. ओझं आधीच हलकं असेल तरच ती आपलं काम करते.

त्याचं कारण साधं आहे. फ्रेम असलेल्या सॅकमध्ये वजन फ्रेमवाटे खाली उतरून कंबरपट्ट्यावर टेकतं आणि तिथून कंबरेच्या हाडांवर जातं. खांदे फक्त सॅक पाठीशी धरून ठेवतात. फ्रेम काढली की खांदा आणि कंबर यांच्यामध्ये उभं राहायला कोणीच उरत नाही. कंबरपट्टा कितीही आवळा, वजन वाढलं की सॅक मधेच मुडपते, खाली बसते आणि सगळा भार पुन्हा खांद्यावर येतो. माझ्या पाठीवर ही सीमा ९ किलोच्या आसपास आहे. आठ किलोला सॅक अंगाला चिकटून चालते. नऊला ती आहे हे जाणवायला लागतं. दहाच्या पुढे गेलं की मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दुपारच्या आतच बोलायला लागतात. उत्पादकाने यापेक्षा मोठा आकडा छापलाय. शिवण तेवढं वजन झेलेलच, त्यात शंका नाही, पण शिवण टिकणं वेगळं आणि माणसाची पाठ टिकणं वेगळं.

आता या ९ किलोत काय काय बसवायचं ते बघा. सॅकसकट सगळ्या सामानाचं वजन, त्यातून अन्न, पाणी आणि इंधन वगळून, याला बेस वेट म्हणतात. ते ९ किलोच्या आत असेल तर हलकं आणि साडेचार किलोच्या आत असेल तर अतिहलकं, अशी ढोबळ विभागणी आहे. हे आकडे वीस आणि दहा पाउंडांवरून आलेत. त्यांच्यामागे शास्त्र असं काही नाही, पण हिशेब करायला बरे पडतात. माझं बेस वेट सध्या साडेचार किलोच्या अगदी जवळ आहे. चार दिवसांचं कोरडं अन्न रोजचे ७०० ग्रॅम धरून २ किलो ८०० ग्रॅम. दोन लिटर पाणी म्हणजे २ किलो. गॅसच्या छोट्या डब्यातला १०० ग्रॅम गॅस. बेरीज ९ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे पहिल्या सकाळी ही सॅक माझ्या सीमेच्या थोडी पलीकडेच असते, आणि ते जाणवतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती हवी तशी होते, कारण अन्न संपत जातं. हे साडेचार किलोचं बेस वेट असताना. सात-आठ किलो बेस वेट असलेल्या माणसाने ही सॅक उचलली तर पहिल्या मुक्कामापर्यंत ती त्याच्या मनातून उतरलेली असेल, आणि दोष सॅकचा नसेल.

म्हणून कुठल्याही सामानाच्या खरेदीआधी नवख्याला हवा तो काटा. माझ्याकडे बकलं आणि चेन तोलायला कामाच्या टेबलावर काटा आहेच. एका संध्याकाळी सगळं सामान त्यावर एकेक करून ठेवलं आणि वहीत लिहिलं. सगळ्यात जास्त आश्चर्य पाउचचं वाटलं. कपड्यांचा पाउच, औषधांचा पाउच, तारांचा पाउच, भांड्याचा पाउच, प्रत्येकाला चेन, प्रत्येकाला अस्तर. सगळे मी स्वतः शिवलेले, टीप अगदी सरळ. रिकाम्या पाउचचं एकूण वजन ३१० ग्रॅम भरलं. आता औषधांचा एक पातळ पाउच ठेवलाय, बाकी सामान एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मोकळंच जातं. पाउच शिवून पोट भरणारी बाई हे सांगतेय म्हटल्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

या सॅकची खरी गंमत पाठीत आहे. फ्रेम नाही, तर पाठीला आकार कोण देतं? तुमची झोपायची मॅट. मी थर्म-अ-रेस्टची झेड लाइट सोल वापरते. ही बंद पेशींच्या फोमची, घड्यांची मॅट. हवा भरायची नाही, त्यामुळे फुटायची भीती नाही. पूर्ण मॅट १८३ सेंटिमीटर लांब, ५१ रुंद, वजन ४१० ग्रॅम, आणि तिला १४ कप्पे असतात. मी कटरने सहा कप्पे कापून आठ ठेवले. वजन २३५ ग्रॅमवर आलं. आठ कप्पे म्हणजे खांद्यापासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत अंग मॅटवर येतं. पायांखाली रिकामी सॅक टाकायची. कापताना कप्प्यांच्या मधल्या घडीच्या रेषेवरच कापायचं. नवं पातं, पोलादी पट्टी, आणि दाबून एकदाच ओढायचं. करवतीसारखं पुढेमागे केलं तर फोमचे दाणे सुटतात आणि कड कायमची खरबरीत राहते.

ही आठ कप्प्यांची मॅट दोन कप्पे रुंद अशी घडी घालून सॅकमध्ये पाठीच्या बाजूला उभी ठेवायची. मॅटची ५१ सेंटिमीटर रुंदी आता उंची होते, आणि ती बहुतेकांच्या पाठीच्या लांबीला पुरते. घडी ठेवताना एक काळजी घ्यायची: मॅट आधी ठेवायची, ती हाताने पाठीशी दाबून धरायची आणि मगच बाकी सामान भरायचं. उलट केलं तर मॅट वाकडी बसते आणि तिचा कोपरा दिवसभर कण्यात टोचतो. दुसरं, पांघरूण छोट्या पिशवीत आवळून भरायचं नाही. ते मोकळंच तळाशी कोंबायचं, म्हणजे सगळे कोपरे भरतात आणि सॅक टणक उभी राहते. आवळलेल्या गोल पिशव्या भरल्या की त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात आणि सॅक तिथे मुडपते. मॅट आणि नीट भरलेलं सामान मिळूनच या सॅकची फ्रेम होते. भरण्यात आळस केला तर चांगली शिवलेली सॅकही पोत्यासारखी लोंबते.

मॅटच्या बाबतीत एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. जमीन अंगातली ऊब किती ओढून घेते हे आर-व्हॅल्यू या आकड्यावरून कळतं. आकडा जितका मोठा, तितकी मॅट थंडी जास्त अडवते. २०२० पासून यासाठी एएसटीएम एफ३३४० ही एकच चाचणीपद्धत आली, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे आता शेजारी ठेवून बघता येतात. झेड लाइट सोलचा आकडा २ आहे. उबदार मोसमात पुरतो, गारठलेल्या जमिनीवर नाही. आकड्यांची बेरीज होते ही चांगली सोय आहे, दोन मॅट एकावर एक घातल्या की दोघींचे आकडे मिळवायचे. ज्यांना कुशीवर झोपायची सवय आहे त्यांना ही दोन सेंटिमीटरची फोम मॅट कंबरेला टोचेल. त्यांनी हवेची मॅट घ्यावी, पण मग या सॅकच्या पाठीला आकार द्यायला फोमचा एखादा पातळ तुकडा वेगळा ठेवावा लागेल.

आता शिवणीकडे येते, कारण त्यासाठीच मी ही सॅक उलटी केली होती.

अंगाचं कापड १०० डेनियरचं रिपस्टॉप नायलॉन, तळाचं २१० डेनियरचं. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा जितका जड, तितकं कापड साधारण दणकट. रिपस्टॉपमध्ये ठरावीक अंतरावर जाड धागा टाकून बारीक चौकटी विणलेल्या असतात, त्यामुळे काट्याने भोक पडलं तरी ते चौकटीपाशी थांबतं. तळाला जाड कापड वापरलंय हे बघून बरं वाटलं, कारण सॅक सगळ्यात जास्त झिजते ती दगडावर टेकवताना. पण बाजूच्या खिशांचा तळ जाळीचाच ठेवलाय. तिथे कापड यायला हवं होतं. जाळी खडकावर घासली की आधी केसाळ होते आणि मग तिला भोक पडतं. माझ्या उजव्या खिशाला पडलं. मी आतून तळाच्या कापडाचा हाताच्या पंजाएवढा तुकडा लावला, वजन चार ग्रॅमने वाढलं, प्रश्न संपला.

खांद्याचे पट्टे वर दुहेरी शिवणीत आडव्या पट्टीखाली घेतलेत आणि त्यावर बारटॅक मारलाय. बारटॅक म्हणजे एकाच जागी दाट आडव्या टाक्यांची छोटी पट्टी, जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर असते तीच. ही जागा सॅकचा प्राण आहे. तुम्ही सॅक एका हाताने पट्टा धरून उचलता, तेव्हा सगळं वजन या दोन-तीन सेंटिमीटरवर येतं. इथलं काम चोख आहे. खालचा पट्टा जिथे अंगात जातो, तिथे कापडाचा त्रिकोण देऊन ताण पसरवलाय, तेही बरोबर. टाके साधारण इंचाला आठ-नऊ आहेत. हलक्या कापडाला यापेक्षा दाट टीप मारली तर सुईची भोकं ओळीने येतात आणि ताण आला की कापड त्या रेषेवर फाटतं. ग्राहकांना दाट टीप म्हणजे मजबूत टीप वाटते. जाड कापडाला ते चालून जातं, हलक्याला नाही.

नाराजी आतल्या कडांबद्दल आहे. माया जेमतेम सहा मिलिमीटर ठेवलीये आणि कडा मोकळ्या सोडल्यात. नायलॉनच्या मोकळ्या कडेतून दोरे सुटतात, माया आणखी कमी होते, आणि एक दिवस टाका कडेवरून सरकतो. कडेला पायपिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावलं असतं तर सगळ्या सॅकला मिळून वीसएक ग्रॅम वाढले असते. तेवढे ग्रॅम वाचवण्याची ही जागा नव्हे. तुमच्याकडे अशी सॅक असेल तर आतून कडांचे सुटलेले दोरे कात्रीने साफ कापा आणि कड लायटरच्या ज्योतीजवळून भरभर फिरवा. ज्योत कापडाला लावायची नाही, नुसती ऊब द्यायची, कड वितळून बंद होते. आतून लेप दिलेल्या कापडावर हे जपून करा, एक कोपरा करून बघा आणि मगच पुढे जा. मशीन असेल तर मायेवरून बारीक झिगझॅग मारा, तो सगळ्यात चांगला उपाय. दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा ओलाव्याने कुजतो.

पावसाबद्दल. कापडाला आतून पाणीरोधक लेप आहे, पण शिवणी टेप लावून बंद केलेल्या नाहीत. जिथे सुई गेली तिथे भोक आहे, आणि भोक आहे तिथे पाणी येणार. त्यामुळे सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी हवीच. सगळं सामान त्यात, तोंड पिळून खाली मुडपून ठेवायचं. वरून घालायचं पावसाचं कव्हर मी वापरत नाही. वारा असला की ते उडतं, आणि पाठीच्या बाजूने पाणी आत येतंच. काही वर्षांनी आतला लेप चिकट होऊन सुटायला लागेल. दमट हवेत गुंडाळून ठेवलेल्या सॅकचं असंच होतं. घरी आल्यावर ती उघडी करून, सावलीत वाळवून, सैल टांगून ठेवायची.

कंबरपट्टा म्हणजे नुसती पट्टी आणि बकल, पॅडिंग नाही. आठ किलोला एवढं पुरतं, कारण तो वजन पेलण्यापेक्षा सॅक डुलू नये म्हणूनच आहे. पट्ट्यांच्या वरच्या टोकाला सॅक जवळ ओढणाऱ्या छोट्या दोऱ्याही दिल्यात. फ्रेम नसताना त्यांना ओढायला टणक असं काही सापडत नाही, त्या नसत्या तरी चाललं असतं. बाजूच्या खिशांची इलॅस्टिकची पट्टी मात्र फार घट्ट आहे. सॅक पूर्ण भरलेली असली की चालता चालता बाटली काढता येते, परत ठेवता येत नाही, त्यासाठी थांबावं लागतं. पुढचा मोठा जाळीचा खिसा उत्तम. ओलं रेनकोट, ओले मोजे, दुपारचं खाणं, पाण्याचा फिल्टर, सगळं तिथे जातं आणि दिवसभरात मुख्य सॅक उघडावीच लागत नाही.

मापाचं मात्र नीट ऐका. माझ्या नणंदेने माझी सॅक बघून हीच मागवली, माझ्यापेक्षा एक माप मोठी, कारण त्या माझ्याहून चांगल्या वीतभर उंच. आल्यावर पाठीवर घातली आणि म्हणाल्या, "वहिनी, कंबरपट्टा माझ्या पोटाच्या खालीच येतोय." मी टेप घेतली. मान खाली घालायला सांगितली की मानेच्या तळाशी एक हाड वर येतं, तिथून सुरुवात. मग दोन्ही हात कंबरेच्या हाडांवर, अंगठे मागे. अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्यावर जिथे येते तिथे शेवट. मधलं अंतर म्हणजे पाठीची लांबी. वन्संची भरली ४३ सेंटिमीटर, माझी ४६. उंची सगळी पायांत. सॅकचं माप पाठीच्या लांबीवर ठरतं, उंचीवर नाही. "म्हणजे मी तुमच्यापेक्षा लहान सॅक घ्यायची?" असं दोनदा विचारून त्यांनी ती परत केली. एकट्याने ही लांबी नीट मोजता येत नाही, कोणालातरी मोजायला सांगा.

वन्संनी नंतर ही सॅक घेतलीच नाही, आणि मला वाटतं त्यांच्यासाठी ते योग्य झालं. त्यांना गुडघ्याचा पट्टा, जाड स्लीपिंग बॅग आणि वाचायला पुस्तक हवंच असतं. त्यांचं बेस वेट सात किलोच्या खाली येत नाही, आणि त्यांना ते आणायचंही नाही. त्या फ्रेमवाली हलकी सॅक वापरतात, ऑस्प्रेच्या एक्सॉससारखी, पाठीला जाळीचा पडदा ताणलेली. अशा सॅक साधारण सव्वा किलोच्या असतात. म्हणजे माझ्या सॅकपेक्षा ७०० ग्रॅम जास्त, पण बारा किलोही सुखाने कंबरेवर जातात आणि पाठीला वारा लागतो. माझी पाठ फोमला चिकटून दुपारी घामाने भिजलेली असते, त्यांची कोरडी. नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांना मी वन्संची सॅकच सुचवेन.

मग आधीच्या तीन खरेद्या कोणत्या? मॅटचं सांगून झालं. दुसरं पांघरूण. मी पिसांची क्विल्ट वापरते, ६२० ग्रॅमची. झोपेत अंगाखाली दबलेली पिसं ऊब देत नाहीत, ते काम मॅटच करते. म्हणून क्विल्टमध्ये पाठीकडचा भाग आणि चेन दोन्ही काढून टाकलेलं असतं, आणि वजन तिथेच वाचतं. फार हालचाल करत झोपणाऱ्याला कडेने वारा लागतो, त्यांनी स्लीपिंग बॅगच घ्यावी. स्लीपिंग बॅग घेताना आयएसओ २३५३७ या मानकानुसार दिलेल्या तापमानांपैकी 'कम्फर्ट' हा आकडा बघा, 'लिमिट' नाही. लिमिटच्या तापमानाला माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुधा तोच आकडा असतो. आणि पिसं ओली झाली की फुगत नाहीत, फुगली नाहीत की ऊब नाही. प्लॅस्टिकच्या त्या पिशवीचं महत्त्व इथे कळतं.

तिसरा तंबू. माझा चालायच्या काठीवर उभा राहणारा एका थराचा आहे, खुंट्यांसकट ७९० ग्रॅम. तंबूचे वेगळे खांब न्यावे लागत नाहीत, मोठी बचत ती. कापड सिलिकॉन लावलेलं पॉलिस्टर. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं आणि रात्री उठून दोऱ्या ओढाव्या लागतात, पॉलिस्टरमध्ये तो त्रास फार कमी. एका थराच्या तंबूत सकाळी आतून दव जमतं. एक छोटं फडकं जवळ ठेवायचं, पुसायचं. सॅक, मॅट, क्विल्ट, तंबू मिळून २ किलो १८५ ग्रॅम. बाकीच्या सगळ्या बारीकसारीक वस्तू एकीकडे आणि हे चार आकडे एकीकडे. टूथब्रशची दांडी कापण्याआधी इथे बघा.

काय कमी करायचं नाही तेही सांगून ठेवते. रेनकोट, झोपायचे कोरडे कपडे, एक उबदार जॅकेट, प्रथमोपचार, हेडलॅम्प, नकाशा, शिट्टी. ओलं अंग आणि वारा यांनी थंडी फार कडक नसतानाही माणसाला गारठा भरतो. आकडा खाली आणायच्या नादात यातलं काही घरी ठेवणारे भेटतात आणि मला त्यांची काळजी वाटते. पाण्याचा फिल्टरही तसाच. सॉयर स्क्वीझसारखे पोकळ तंतूंचे फिल्टर शंभर ग्रॅमच्या आत येतात, जिवाणू अडवतात, विषाणू अडवत नाहीत. गोठणाऱ्या थंडीत वापरलेला फिल्टर रात्री पांघरुणात घेऊन झोपायचा. आत राहिलेलं पाणी गोठलं तर तंतू फुटतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

शिवणकाम येणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी कळल्यापासून मला या सगळ्याबद्दल फार आपुलकी वाटते. हलक्या सामानाचा हा सगळा प्रकार घरच्या शिलाई मशीनवर वाढलेला आहे. एमा गेटवुड या आजींनी १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतला तीन हजार किलोमीटरहून लांब ॲपलाचियन ट्रेल एकटीने चालून पूर्ण केला, तो स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी एका खांद्यावर टाकून. पावसापासून आडोसा म्हणून न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. रे जार्डिन यांनी आधी प्रस्तरारोहणासाठी 'फ्रेंड्स' हे साधन काढलं आणि पुढे लांब पल्ल्याच्या वाटांसाठी सॅक, क्विल्ट, ताडपत्री सगळं घरी शिवलं, आणि लोकांना शिवता यावं म्हणून कापड-दोऱ्याचे संच विकले. ग्लेन व्हॅन पेस्की यांनी जी-फोर नावाच्या आपल्या सॅकचा नमुना सगळ्यांना फुकट देऊन टाकला. पुढे गॉसमर गिअर ही कंपनी झाली ती त्यांचीच. त्या सॅकची पाठ म्हणजे झोपायची मॅट, आणि खांदापट्ट्यांत फोमऐवजी मोजे भरायची सोय! आज माझ्या सॅकच्या पाठीत जी युक्ती आहे ती तिथूनच चालत आली. धंद्यातला माणूस आपला नमुना सहसा दाखवतही नाही, हे मला रोजच्या अनुभवाने माहीत आहे, म्हणून ही गोष्ट मला मोठी वाटते.

तर ही सॅक कोणी घ्यावी? ज्यांचं बेस वेट साडेपाच किलोच्या आत आलंय, जे फोमच्या मॅटवर झोपू शकतात, ज्यांना वाटेत चार-पाच दिवसांत अन्न पुन्हा मिळतं आणि पाणी दोन लिटरपेक्षा जास्त वाहावं लागत नाही. त्यांना ती फार आवडेल. चढावर ती अंगाबरोबर वळते, अरुंद जागी खडकाला धरून पुढे सरकताना मागे ओढत नाही, आणि मुक्कामी पोहोचल्यावर मॅट काढून टाकली की तीच हलकी थैली होऊन पाणी आणायला जाते.

ज्यांच्या वाटेवर पाण्याचे टप्पे लांब आहेत आणि पाच-सहा लिटर पाणी पाठीवर घ्यावं लागतं, त्यांनी घेऊ नये. तशा वाटेवर मी स्वतःही ती नेत नाही. त्यासाठी जुनी फ्रेमवाली सॅक ठेवली आहे, तिचा कंबरपट्टा उसवून नव्याने फोम भरला, बकल बदललं आणि खांदापट्ट्याच्या मुळाशी एक जास्तीचा बारटॅक मारून घेतला.